सुनेसाठी लावलेला कौल

निवृत्तीनंतर बारामतीचे बिऱ्हाड मोडून मी निमगाव केतकीजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आलो, तो मुख्यतः देवीच्या पूजेसाठी. वस्तीवरच्या देवळातली पूजा परंपरेने आमच्या घराण्याकडे आहे. चुलते थकले आणि नैवेद्याला खंड पडू लागला. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवून झाले होते. उरलेला काळ या एका मूर्तीच्या सेवेत जावा, एवढीच इच्छा होती. नव्वदच्या दशकातली ती पहिली वर्षे. सकाळी स्नान आणि पूजा, दुपारी थोडे वाचन, सायंकाळी आरती, असा क्रम चांगला बसला होता. त्या क्रमाला धक्का बसेल आणि तो गाभाऱ्यातूनच बसेल, असे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

आमच्या बांधाला लागून आबांचे शेत होते. आबा उसाचे बागायतदार, साखर कारखान्याचे सभासद, आणि मोठ्या आवाजात बोलणारा मोकळा माणूस. मला पाहिले की हटकून म्हणत, "गुरुजी, तुमी एवढं संस्कृत शिकीवलं, पर पोरांनी शेवटी ऊसच लावला की!" आणि स्वतःच हसत. त्यांची पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती. बाप आणि एकुलता एक मुलगा, दोघेच हाताने भाकरी थापून खात होते. मुलाला वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरी लागली, मग लग्न झाले आणि त्या घरात पुन्हा बाईमाणसाचा वावर सुरू झाला. सून मोरगावकडच्या जिरायती गावातली. तिच्या वडिलांनी पाणी बघून मुलगी दिली होती. आबांना तिचे एवढे कौतुक, की ती देवळात आली तर मागून हे येत आणि मला सांगत, "माज्या सुनंच्या हातच्या भाकरीला पदर सुटतो, गुरुजी."

वर्ष उलटायच्या आत त्या सुनेच्या हातांचे सांधे धरले. ओले लुगडे पिळता येईना, जात्याचा खुंटा धरवेना. थंडीत पाण्यात हात घातला की बोटे पांढरीफटक पडत आणि मग निळी होत. बारीक ताप, केसांची गळती, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर पसरलेली लाली. हापशावर बायका बोलत, "नवी नवरी हाय बाई, कामाला कशी बोटं दुखत्यात आन् गालाला कसा रंग चढतोय!" तीही उलट म्हणे, "घ्या की मग थोडा रंग, मी कुठं न्हाय म्हनते?" पण हळूहळू तिचे ते बोलणेही कमी झाले. संधिवात म्हणून वर्षभर उपचार झाले. मग एका सकाळी तिच्या पापण्या सुजल्या, पायांवर बोट दाबले तर खळगा तसाच राहू लागला, आणि आबा तिला बारामतीला घेऊन गेले. तिथून पुण्याला पाठवले. पुण्यात मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला. ते सारे कळले तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी घरच्यांना बोलावले. आबांनी मलाही बरोबर घेतले.

"तुमी फकस्त ऐका, गुरुजी. डॉक्टरचं निम्मं मला कळत न्हाय, आन् कळलेलं निम्मं मी इसरतो."

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो, आबा, त्यांचा मुलगा आणि मी. सून बाहेरच्या बाकावर बसली. तिला आत बोलवावे असे कोणालाच सुचले नाही, आणि डॉक्टर म्हणाले, "त्यांनाही येऊ द्या," तेव्हा आबा म्हणाले, "कशाला उगं, घाबरंल ती."

डॉक्टर तरुण होते, पण बोलणे सावकाश आणि स्पष्ट. म्हणाले, "या आजाराला ल्युपस म्हणतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढायला शरीरात एक व्यवस्था असते. ती चुकते आणि आपल्याच अवयवांना परके समजू लागते. आधी सांधे, कातडी, आता मूत्रपिंडे."

"म्हंजी घरातल्या घरातलं भांडान," आबा म्हणाले.

"तसंच समजा. ते भांडण थांबवायला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, पण नुसत्या त्यांनी भागायचं नाही. दर महिन्याला एकदा सलाईनमधून एक औषध द्यावं लागेल. सहा महिने तरी. हे औषध मुळात कॅन्सरसाठी वापरतात."

मुलगा खुर्चीतून अर्धा उठला. डॉक्टरांनी त्याला हाताने बसवले. "कॅन्सर नाही तिला. औषध तेच, पण इथे कारण वेगळं आहे. आता जे सांगतो ते नीट ऐका. या औषधानं काही बायकांची पाळी कायमची थांबते. मग मूल होत नाही. हिचं वय कमी आहे, त्यामुळे धोकाही कमी. पण अजिबात नाही असं मी म्हणणार नाही."

बावीस वर्षांची मुलगी, लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नाहीत, आणि तिच्यापुढे हा असा पर्याय! मीच विचारले, "आणि हे औषध घेतलेच नाही तर?"

"तर मूत्रपिंडं जातील. शिवाय आजार असा भडकलेला असताना दिवस राहिले, तर तिच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. म्हणजे औषध टाळून मूल पदरात पडेल असंही नाही. घरी बोला, तिच्याशी बोला, पण उशीर करू नका."

हे शेवटचे बोलणे होईपर्यंत आबा उठून उभे राहिले होते आणि दारातला पडदा एका हाताने बाजूला सारत होते. त्यांनी ते ऐकले होते की नाही, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

एसटी स्टँडवर आबांनी सुनेसाठी उसाचा रस सांगितला आणि रसवंतीवाल्याला ताकीद दिली, "बरफ घालू नगंस, पोरीची बोटं धरत्यात." सून हसली. म्हणाली, "मामा, घरी फडच्या फड हुबा हाय, आन् हितं इकत पाजताय व्हय?" आबा म्हणाले, "फडातला ऊस कारखान्याचा. ह्यो तुजा." सासऱ्याचे सुनेवर इतके प्रेम मी थोड्याच घरांत पाहिले आहे. पुढे जे घडले ते समजून घेताना वाचकाने हेही लक्षात ठेवावे.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आबा ठरीवतील ते." आणि आबा म्हणाले, "देवी ठरवंल ते."

आमच्या भागात मोठ्या निर्णयाआधी देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलाची पाकळी चिकटवायची आणि हात जोडून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न विचारणाऱ्याने तो मनात विचारायचा, मोठ्याने नाही, अशी रीत. पूजाऱ्याने पाकळ्या लावायच्या आणि बाजूला व्हायचे. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, तो देवीवरचा अविश्वास समजतात. मी स्वतः वैदिक पद्धतीत वाढलेला. आमच्या संकल्पात देश, काल, गोत्र, हेतू सारे स्पष्ट उच्चारावे लागते. उच्चार झाला नाही तर कर्मच घडले नाही. कौलाची ही मुकी रीत मला प्रथम नवलाची वाटली होती. पण ज्या श्रद्धेने लोक समोर उभे राहतात ती पाहून मी तिच्यापुढेही नम्र झालो होतो.

मंगळवारी सकाळी आबा स्नान करून, नवे धोतर नेसून आले. मी शेवंतीच्या पाकळ्या लावल्या. आबांनी डोळे मिटले, ओठ हलले, आवाज आला नाही. देवळाबाहेर त्यांचा मुलगा आणि सून उभे होते. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जीव वाचवणारे औषध द्यावे का, असा प्रश्न जगन्माउलीला विचारला, तर ती दुसरे काय म्हणेल?

डावी पाकळी पडली.

ती माझ्या डोळ्यांदेखत खांद्यावरून सुटली आणि देवीच्या पायाशी आली. माझे हात तसेच जोडलेले राहिले. आबांनी डोळे उघडून पाकळीकडे पाहिले, साष्टांग नमस्कार घातला आणि बाहेर जाऊन एवढेच म्हणाले, "न्हाय म्हनली."

देवीच्या इच्छेवर प्रश्न करणे माझ्या स्वभावात नाही. पण ही इच्छा मला काही केल्या समजेना. सप्तशतीचा पाठ करायला बसलो तर ओळी निसटत. आबांनी डॉक्टरांकडे जाणे थांबवले. गोळ्या मात्र चुकू देत नव्हते. स्वतः हातावर काढून, पाणी पुढे करून देत. मीठही बंद केले होते आणि तिच्याबरोबर आपणही अळणी जेवत. तरी सूज पायांवरून पोटऱ्यांवर चढली, चेहरा गोल झाला. कारखान्याची पाळी संपवून मुलगा घरी येई आणि बायकोच्या पायाशी नुसता बसून राही. मी एकदा आबांना म्हणालो, "निदान डॉक्टरांना दाखवून तरी या." त्यांनी माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले. "गुरुजी, तुमीच असं म्हनाय लागला, मग देवीचं कोन ऐकनार?"

असे काही आठवडे गेले. एका सकाळी पूजा संपत आली असताना सून एकटी देवळात आली. चार पावले चालून थांबत, धापा टाकत ती पायरीपर्यंत पोचली आणि खांबाला टेकून बसली. मी पाणी दिले. ते प्यायची तिची घाई नव्हती. दुसऱ्याच कशाची तरी होती.

"गुरुजी, मला कौल लावायचाय."

मी समजुतीने सांगितले, "मुली, त्या प्रश्नाचा कौल झाला आहे. एकदा झाला की पुन्हा लावत नाहीत."

"तोच प्रश्न हाय कशावरनं?" ती म्हणाली. "मामांनी मनात इचारलं. काय इचारलं ते मला ठावं न्हाय, ह्यास्नी ठावं न्हाय. तुमाला तरी ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हते. सगळ्यांनी गृहीत धरले होते, मीही धरले होते. गोत्र-प्रवर उच्चारल्याशिवाय साधी सुपारी न पुजणारा मी, एका मुलीच्या जिवाच्या प्रश्नात प्रश्न कोणता होता हेच मला माहीत नव्हते.

"आन् डॉक्टर काय म्हनला ते मला समदं ठावं हाय," ती पुढे म्हणाली. "त्याच्या खोलीला दार न्हवतं, पडदा हुता. मला लेकरू न्हाय झालं तरी चालंल का, हे मला कुनी इचारलं न्हाय. मी मेले तर चालंल का, हेबी न्हाय. आदी मामांस्नी इचारून या. त्यांनी ह्येच इचारलं असंल, तर मी परत मागनार न्हाय."

मी सोवळे उतरवले आणि तडक शेतात गेलो. आबा उसाला पाणी देत होते. पाटाचे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, फावड्याने माती ओढत होते. मला अशा वेळी शेतात पाहून त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं? पोर बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. "आबा, मला एक सांगा. त्या दिवशी तुम्ही देवीला नेमके काय विचारले? शब्द कोणते होते?"

"त्ये काय इचारायचं? सुईचंच."

"शब्द सांगा."

फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ते क्षणभर आठवत राहिले. मग अगदी सरळपणे, लपवण्यासारखे काहीच नाही अशा आवाजात म्हणाले, "मी म्हनलं, आई, ह्या सुया टोचल्या तर पोरीला लेकरू व्हईल का? तिनं न्हाय म्हनलं. मग कशाला टोचायच्या?"

मी बांधावरच बसलो.

"आबा," मी कसेबसे म्हणालो, "ती जगेल का, औषध द्यावे का, हे विचारलेच नाही तुम्ही?"

"येकच की ओ, गुरुजी."

येकच. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हते, कठोरपणा नव्हता, चूक केल्याची जाणीवसुद्धा नव्हती. हाच माणूस तिच्यासाठी अळणी जेवत होता. आजवर मी दुष्टपणा पाहून हादरलो आहे, तो प्रसंग निराळा असतो. तिथे निदान कोणाकडे पाठ फिरवायची ते कळते. इथे माझ्यासमोर एक प्रेमळ माणूस उभा होता आणि त्याला सुनेचे जगणे आणि सुनेचे मूल या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नव्हत्या. डॉक्टरांचे शब्द, पुण्याची तपासणी, गोळ्या, अळणी जेवण, सगळे त्या एका शब्दात बुडून गेले होते. आणि देवी? तिला जे विचारले त्याचेच तिने उत्तर दिले होते. आम्ही सर्वांनी त्या उत्तराला भलताच प्रश्न जोडला आणि कित्येक आठवडे त्याच्यापुढे हात जोडून बसलो.

"येकच नाही, आबा," मी म्हणालो. "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही पुरते ऐकलेच नाही. औषध नाही दिले तरी मूल पदरात पडत नाही. ती मात्र जाते."

सरीतले पाणी भरून वाहू लागले, तरी त्यांनी ते वळवले नाही. म्हणाले, "मी काय इचारलं हे तिला सांगायला पायजे का?"

"मला सांगावे लागेल. तिनेच मला पाठवले आहे."

"मग तुमीच सांगा. माज्यानं न्हाय व्हनार."

मी देवळात परत आलो. ती तशीच खांबाला टेकून होती. आबा माझ्या मागोमाग आले होते, पण पिंपळाच्या पारापाशीच थांबले, पाठ फिरवून. मी तिला प्रश्न जसा होता तसा, शब्दाला शब्द सांगितला. मला वाटले, ती रडेल किंवा संतापेल. ती एकदा सासऱ्याच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "लेकराचंच इचारलं व्हय. मामा, तुमीबी ना!" त्या बोलण्यात लटका रागही होता आणि काहीतरी असेही होते, की ते ऐकून आबांनी उपरण्याने डोळे पुसले.

मी शेवंतीची फुले पुढे ओढली. "ये, लावू या कौल. तुझा प्रश्न निराळा आहे."

तिने नकारार्थी मान हलवली. खांबाचा आधार घेत उभी राहिली आणि उंबऱ्याशी आली. तिने डोळे मिटले नाहीत. आम्हा दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात ती देवीला म्हणाली, "मी सुया घ्यायला चालले. लेकराचं म्होरं बघू. तू संगं ये." आणि नमस्कार करून वळली.

पाकळ्या माझ्या हातातच राहिल्या. त्या गाभाऱ्यात आजपर्यंत कोणी देवीला काही सांगितलेले मी पाहिले नव्हते. सारे विचारायलाच येत. मला वाटत होते, की मी आता काहीतरी म्हणायला हवे, विधीची त्रुटी दाखवायला हवी. पण मला तो संपूर्ण संकल्प वाटला: हेतू उच्चारलेला, आणि तोही जिचा होता तिनेच.

त्या दिवसापासून कौल लावायला येणाऱ्याला मी प्रश्न मोठ्याने विचारायला लावतो. काहींना हे आवडत नाही, काही दुसऱ्या देवळात जातात. जाऊ देत.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या एकाच्या जीपमधून आम्ही बारामतीला गेलो. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि कपाळावर आठ्या चढल्या. "फार उशीर केलात," ते म्हणाले, पण बोलणे तिथेच थांबवले. मग सवयीप्रमाणे आबांकडे वळून विचारले, "मग काय ठरलं तुमचं? द्यायचं ना औषध?"

या वेळी सून आत होती, खुर्चीवर. आबांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. त्यांनी सुनेकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे आणि म्हणाले, "तिला इचारा."

डॉक्टर तिच्याकडे वळले. तिने पदर सावरला. म्हणाली, "द्यायचं. पर मी सकाळधरनं काय खाल्लं न्हाय, चालंल का?"

त्यानंतरच्या महिन्यांत तिचे केस गेले, ओकाऱ्या झाल्या, दोनदा तापामुळे औषध पुढे ढकलावे लागले. मूत्रपिंडे पूर्ण नाही, पण पुरेशी वाचली. मूल झाले का, असे लोक मला अजून विचारतात. ते तिने सांगायचे आहे, मी नाही.

मला जास्त आठवतो तो पहिला दिवस. सलाईन लावल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की हे औषध मूत्राशयाला जाळते, म्हणून दिवसभर भरपूर पाणी प्यायला हवे, तहान नसली तरी. नवरा फळे आणायला गेला होता. नर्स दुसऱ्या रोग्याकडे गेली. आबा उठले, दवाखान्याच्या माठातून तांब्या भरून आणला आणि सुनेपुढे धरला. तिने पिऊन परत दिला. ते पुन्हा भरून आले. सून आल्यापासून घरात पाटावर बसल्याजागी पाणी मिळणारा तो माणूस त्या दुपारी माठ आणि खाट यांच्यामध्ये येत-जात राहिला. शेवटी ती म्हणाली, "मामा, बास की, पोटात पाट फुटंल आता!"

"डॉक्टरनं सांगितलंय," आबा म्हणाले, आणि तांब्या पुन्हा पुढे केला. "पी."